सर ऐकत नाहीत, की सरांनी फार ऐकलंय?

आधी पत्र, थोडं कापून.

"ताई नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यात एका गावात झेडपीच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ९७, आम्ही चौघं. पट दीडशेच्या खाली म्हणून मुख्याध्यापकाचं पद नाही, सेवाज्येष्ठ सरांनी चार्ज घ्यायला लेखी नकार दिला आणि तो माझ्याकडे आला, माझी नोकरी सहा वर्षांची. उन्हाळ्यात ट्रेनिंगला गेले होते, खूप छान झालं, डोक्यात नुसत्या कल्पनाच कल्पना. जूनपासून शाळेत सकाळचं वर्तुळ सुरू केलं, बाकं हलवली, स्तरानुसार गट केले, वाचनकोपरा केला, लेखी गृहपाठ बंद केला, प्रत्येक पोराच्या प्रगतीचा तक्ता प्रत्येक वर्गात लावला आणि शनिवारी दप्तराविना शाळा. आता दिवाळी झाली. सर (नोकरी ३१ वर्षं) मीटिंगमध्ये हो म्हणतात, सही करतात आणि वर्गात जाऊन होतं तसंच शिकवतात, पाढे, शुद्धलेखन, फळ्यावरचं उतरवून घ्या. एकदा म्हणाले, 'मॅडम, असे लय आले नि गेले.' दुसऱ्या मॅडम मी दारात असले की गट करतात, मी वळले की बाकं परत रांगेत. एक नवीन शिक्षणसेवक आहे, उत्साही आहे पण सगळं ऑनलाइन काम त्याच्याच गळ्यात. पालक म्हणतात वही कोरी, पोरं नुसती खेळतात. सहा पोरं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसून गेली. केंद्रप्रमुख सरांना ग्रुपवर फोटो पाहिजेत. माझ्या वर्गाच्या भिंतीला ओल आलीय त्यामुळे तक्ते पण गळून पडायला लागलेत, वाटतं माझंही तेच होणार. सरांची वर तक्रार करू का? की सगळं सोडून आपला वर्ग तेवढा बघू?" — प्रभारी

प्रभारी, तुला मॅडम म्हणत नाही, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. मी ३४ वर्षं याच खात्यात काढली, शेवटची ११ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, त्यामुळे ग्रुपवर फोटो मागणाऱ्यांत मी पण होते हे सुरुवातीलाच कबूल करून टाकते.

तक्रार करू नकोस. का ते सांगते पण त्याआधी तुझं पत्र परत वाच आणि बोटं मोज. वर्तुळ, बाकं, गट, कोपरा, गृहपाठ, तक्ते, शनिवार. सात गोष्टी, एकाच जूनमध्ये! अगं नवी सून पण घरात आल्या आल्या एकाच दिवसात चूल, देवघर, फ्रीज आणि सासूचं कपाट हलवत नाही. आणि तू तर तिथं सून पण नाहीस, ज्याला ते घर सांभाळायचं नव्हतं त्याने किल्ल्या तुझ्या हातात दिल्यात एवढंच.

आता सरांकडे येऊ. ३१ वर्षं म्हणजे १९९४ च्या आसपास लागले असणार. त्यांच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलंय ते तुला माहीत आहे का? तू तेव्हा जन्मली होतीस की नाही कोण जाणे. ते लागले तेव्हा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचे दिवस होते, प्रत्येक पोराला कुठली क्षमता आली आणि कुठली नाही आली त्याचे तक्ते, हो तक्तेच, आम्ही रात्री कंदिलाजवळ बसून भरायचो कारण लोडशेडिंग. मग २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत जाऊन एबीसीडी शिकली होती त्यांना चार दिवसांच्या ट्रेनिंगवर सहा वर्षांच्या पोरांसमोर उभं केलं. तरी शिकवलं त्यांनी, कसंबसं का होईना. मग आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, आला, २० ऑगस्ट २०१० च्या जीआरने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित, मार्क गेले आणि श्रेणी आल्या, आणि प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी. त्या नोंदींचं पुढं काय झालं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळायला लागली, 'वर्गात आनंदाने सहभागी होतो' हे वाक्य एकेका शाळेत शंभर शंभर पोरांच्या नावापुढं! २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम. २०१९ ला संख्यावाचन. २०२३ ला पुस्तकात वहीची कोरी पानं, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून, चार भागांत पुस्तक, आणि २०२५ ला ती पानं परत रद्द. त्याच वर्षी १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला नि २९ जूनला मागे घेतला. म्हणजे जो मास्तर एप्रिलमध्ये तयारीला लागला असेल तो जुलैमध्ये मूर्ख ठरला, आणि जो नुसता बसून राहिला तो शहाणा.

आता सांग, 'असे लय आले नि गेले' यात खोटं काय आहे? मला तरी ती टोमणेबाजी वाटत नाही, हिशेब वाटतो. सर थांबून बघतायत. आपलं खातंच माणसाला थांबायला शिकवतं, आणि मग तो थांबला की आपण म्हणतो याची मानसिकता नकारात्मक आहे. (मानसिकता हा शब्द ट्रेनिंगमध्ये कितीदा येतो ते मोजायचं मी एकदा ठरवलं होतं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत कंटाळले.)

संख्यावाचनाचं जरा जास्त सांगते कारण तुझ्या शाळेत जे होतंय ते तिथं राज्यभर झालं होतं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असं वाचायची पद्धत आली. त्यामागचं कारण एकदम पक्कं होतं. आपण बोलताना सात आधी म्हणतो, वीस नंतर, आणि लिहिताना २ आधी ७ नंतर, त्यामुळे पोरं सत्तावीसला ७२ लिहून मोकळी होतात, वर त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असली जोडाक्षरं. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकरांसारखी व्यक्ती होती, त्यांनी हे शांतपणे समजावून पण सांगितलं. तुमच्या जिल्ह्यात तर हे कुणालाही पटावं, अक्कलकोटकडचं कन्नड बोलणारं पोरगं घरी 'इप्पत्तेळु'च म्हणतं, म्हणजे आधी वीस मग सात. पण झालं काय? पुस्तक आलं, कारण मागून आलं. तोवर व्हॉट्सॅपवर विनोद फिरले, विधानसभेत सुद्धा कोट्या झाल्या, पालक हसले आणि वर्गात मास्तर तोंडघशी पडला कारण त्याला कुणी आधी विचारलंच नव्हतं. आमच्या केंद्रात एक बाई होत्या, त्या गेली वीस वर्षं पोरांना सत्तावीस शिकवताना आधी 'वीस आणि सात' म्हणूनच घ्यायच्या, मण्यांच्या माळेवर. त्यांना त्या पुस्तकाचा राग आला होता! माझंच मला परत शिकवतायत म्हणाल्या, आणि ते पण असं की लोक हसतील. त्यांना आधी बोलावून 'बाई तुम्ही हे कसं घेता ते सगळ्यांना दाखवा' असं म्हणायला मला सुचलं नाही. नंतर सुचलं, तेव्हा त्या रिटायर झाल्या होत्या.

आणि माझा स्वतःचा पराक्रम ऐक. साताऱ्याजवळचं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) तुला ऐकून माहीत असेल. प्रतिभा भराडे मॅडम तिथं विस्तार अधिकारी होत्या, चाळीसेक शाळा, ज्ञानरचनावादावर, म्हणजे पोराने स्वतः करून शिकायचं यावर, त्यांनी शिक्षकांबरोबर बसून काम केलं आणि मग सगळा महाराष्ट्र गाड्या करून बघायला जायला लागला. आम्ही पण गेलो. पोरं जमिनीवर बसून, काड्या, खडे, चित्रं घेऊन आपापलं शिकतायत, बाई कुठंतरी कोपऱ्यात एका पोराशी बोलत बसल्यात, आम्ही आत गेलो तरी कुणी उठून एक साथ नमस्ते केलं नाही. मी भारावले. परत आले आणि आठवड्याभरात माझ्या केंद्रात रंगाचे डबे वाटले. फरशीवर गोल, चौकोन, अक्षरं, अंक, सापशिडी, सगळं आखून झालं, लोकवर्गणीतून, फोटो पण झकास आले. पहिल्या पावसाळ्यात निम्मं पुसलं, उरलेल्यावर सतरंजी टाकून पोरं रांगेत बसली नि मास्तर फळ्यावर लिहायला लागले. कारण मी रंग आणला होता, भराडे मॅडमनी शिक्षकांबरोबर कित्येक महिने वर्गात बसून जे केलं ते काही गाडीत घालून आणता आलं नव्हतं. एका दिवसाच्या भेटीत दिसतं काय, तर फरशी. मी फरशी आणली. तुझ्या सरांच्या शाळेत पण तेव्हा कुणीतरी रंग दिला असणार, विचारून बघ, आणि तो कुणी पुसला ते पण विचार.

हे सगळं नावं ठेवायला सांगत नाही, तू उत्साहात केलंस ते चांगल्या मनानेच केलंस. पण आता सातातल्या एकावर जोर लाव. एकच. कुठलं, तर स्तरानुसार गट, आणि तो पण फक्त वाचनाचा, रोज एक तास. हे मी मनाने सांगत नाही, याला जरा आधार आहे. 'प्रथम' संस्थेने बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना ट्रेनिंग आणि साहित्य देऊन बघितलं, शाळेच्या नेहमीच्या वेळात काही फरक पडला नाही, कारण शिक्षक परत आपलं पुस्तक पुरं करायच्या मागे. गंमत म्हणजे त्याच बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात महिनाभराचं शिबिर घेतलं, तिथं पण सरकारी शिक्षकच होते, आणि तिथं पोरं वाचायला लागली. म्हणजे मास्तरला येत नव्हतं असं नाही, मास्तरला मोकळा वेळ नव्हता. मग २०१२-१३ ला हरियाणात हेच रोज एक तास वेगळा काढून केलं, इयत्ता बाजूला ठेवायची, पोराला जेवढं वाचता येतं त्या गटात बसवायचं, आणि जे अधिकारी तपासायला येणार त्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात उभं राहून शिकवायचं (हे वाचलं तेव्हा मला माझ्या ११ वर्षांची लाज वाटली होती). पोरांचं हिंदी वाचन सुधारलं. गणितात काही विशेष नाही. आणि तिथंच दुसऱ्या काही शाळांत सातत्यपूर्ण मूल्यमापन, आपल्याकडचंच ते नोंदीवालं, लावून बघितलं होतं, त्याने पोरांच्या शिकण्यात काहीच फरक दिसला नाही. भिंतीवरच्या तक्त्यांबद्दल मी तुला वेगळं काही सांगायची गरज आहे का?

तर असं कर. पहिलीला हात लावू नको, पहिलीची पुस्तकं २०२५ ला नवी आली, त्यापुढं बाकीच्यांची पण बदलत जाणार, तेवढा बदल वरून येतोच आहे. दुसरी, तिसरी, चौथी मिळून तुझी सत्तर-पंचाहत्तर पोरं असतील. तीन जणांनी तीन दिवसांत प्रत्येक पोराला जवळ घेऊन वाचून घ्यायचं, पाच मिनिटं पुरतात. अक्षरांवरच अडकलेली, शब्द-वाक्य वाचणारी, गोष्ट वाचून सांगणारी, असे तीनच गट, चौथा पाडू नको, पहिली सोडून तीनच माणसं आहात. वेळ परिपाठ झाल्या झाल्या, खिचडीच्या आधी, पोरं ताजी असताना. आणि बाई गं, सकाळचं वर्तुळ म्हणजे परिपाठच की गोल बसून, त्याला नवं नाव देऊन तू उगाच एक काम वाढवलंस. ते बंद कर.

ऐकून घ्यायच्या कामाला सर पाहिजेत. ३१ वर्षं पोरांचं वाचन ऐकलेला कान आहे तो, पोरगं खरं वाचतंय का पाठ म्हणतंय हे त्यांना दोन ओळींत कळेल, तुला पाच मिनिटं लागतील आणि त्या शिक्षणसेवकाला कळणारच नाही. त्यांच्याकडे जाऊन हेच म्हण. 'सर, मला ओळखू येत नाही कोण पाठ म्हणतंय, तुम्ही बसाल का?' म्हण. हे खोटं कौतुक नाही ना, खरंच तुला येत नसणार एवढं. मीटिंगमध्ये नको, मीटिंगमध्ये आपल्याकडे सगळे हो म्हणतात, इतिवृत्त लिहायला सोपं जातं म्हणून. शाळा सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, किंवा ते गाडी काढत असतील तेव्हा.

गट कुणी कुठला घ्यायचा ते त्यांना आधी निवडू दे. बहुतेक ते गोष्ट वाचणारी पोरं घेतील, घेऊ देत. अक्षरांवर अडकलेली पोरं तू घे. तू चार्जवाली असून सगळ्यात अवघड गट घेतलास हे त्या शाळेत कुणी बोलणार नाही पण सगळ्यांना दिसेल, दुसऱ्या मॅडमना तर नक्कीच. त्या मॅडम तू दारात आलीस की गट करतात ना, तर तू दारात जाणंच बंद कर, त्या तासाला तू स्वतःच गट घेऊन बसलेली असशील, बघायला जाणार कोण.

आणि सरांचे पाढे बंद करायचा विचार सुद्धा करू नकोस. जुन्या मास्तरांकडे पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ असते. असं कर, उलट तू एकदा वर्गात बसून ऐक, मला अजून पाऊण पटीला बोटं लागतात. तुला फळ्यावरचं उतरवून घेणं खटकतं ते ठीक आहे, मला पण खटकतं, पण तो एक तास सोडून बाकीच्या वेळात त्यांनी कसं शिकवायचं हे यंदा त्यांच्यावर सोड. बाकं पण. ज्याला रांग पाहिजे त्याची रांग. बाकांवरून भांडणं झालेल्या तीन शाळा मी पाहिल्यात, एकीतही पोरांच्या वाचनाचा विषय निघाला नव्हता.

मात्र एक अट आहे. सर मारत असतील, किंवा शाळेतच येत नसतील, तर वरचं सगळं विसर. आरटीईत मारायला, पोराला मानसिक त्रास द्यायला सरळ बंदी आहे, तिथं समजून घेणं वगैरे नको, लेखी दे. तू तसं काही लिहिलेलं नाहीस म्हणून मी धरून चालले की तसं नाही.

आता पालक. कोरी वही बघून आई चिडते ते बरोबरच आहे तिचं. ती दिवसभर रानात, पोरगं शाळेत काय करतं ते तिला कळायचं एकच साधन आहे, वही. दुकानातून सामान आणल्यावर आपण पावती बघतो ना तसं. तू पावतीच बंद केलीस आणि वर सांगतेस सामान चांगलं आहे. तर गृहपाठ चालू कर, फार नको, रोज चार ओळी आणि एक वाक्य पोराने स्वतःच्या मनाचं, त्यावर तारीख आणि तुझी सही. चूक दुरुस्त केलेली दिसू दे, लाल पेन वापर, त्या लाल पेनावर ट्रेनिंगमध्ये काय सांगितलं ते मला माहीत आहे, पण गावात लाल पेन म्हणजे मास्तरने वाचलं.

पालकसभा दुपारी ठेवू नको, दुपारी येतात कोण तर ज्यांना काम नाही ते, आणि तेच सगळ्यात जास्त बोलतात. संध्याकाळी सात वाजता देवळासमोर ठेव. भाषण नाही, ज्ञानरचना नाही, नवीन धोरण नाही. प्रत्येक पोराने आपल्या आईसमोर, बापासमोर, आजीसमोर पाच ओळी वाचायच्या, त्याला जमतील त्या. जानेवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा. मधल्या दोन महिन्यांत पोरगं अक्षरावरून शब्दावर आलेलं आईला स्वतःच्या कानाने ऐकू दे, तिला वाचता येत नसलं तरी अडखळणं कळतं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, निम्म्या बायका, पण आपण त्यांना सहीपुरतं बोलावतो, त्यातल्या दोघी-तिघींना आधी घरी जाऊन सांग की असं करायचंय, सभा त्याच गोळा करतील. व्हॅनमधून गेलेली सहा पोरं परत येतील असं मी म्हणत नाही, यंदाची फी भरलीय म्हटल्यावर कोण आणतंय. पुढच्या जूनला त्यातलं एखादं आलं तर आलं.

हंगाम पण बघ. ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर त्यांची पोरं आत्ता कारखान्याकडे गेलेली असणार, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये परत येतील, ती आल्यावर त्यांना आपोआप खालच्या गटात ढकलू नका, परत ऐकून घ्या. कधी कधी ती फडावर मोठ्या भावंडांकडून बरंच शिकून येतात. आणि ती गेली म्हणून गट बंद पाडू नका.

शिक्षणसेवकाचं मला वाईट वाटलं. १६ हजार मानधनावर तो पोरगा यू-डायसवर शाळेची माहिती भरतोय, पोषण आहाराचं रोजचं अॅप भरतोय, परीक्षांचे गुण भरतोय, आणि तुझे तक्ते पण. उत्साही माणसाला आपण असंच संपवतो, तो नाही म्हणत नाही म्हणून. ऑनलाइन कामाचे तीन वाटे कर, एक तू घे, एक मॅडमना शिकवून दे. सरांना नको देऊ, आत्ता तरी. सरकारी भरायचं ते भरावंच लागतं, त्यातून सुटका नाही, पण तू स्वतः वाढवलेलं आहे ते आजच काढ. नवीन एक गोष्ट शाळेत आणायची असली तर आधी जुन्या दोन काढायच्या, हा नियम मी रिटायर झाल्यावर शिकले, म्हणजे काही उपयोग नसताना.

केंद्रप्रमुखांचं काय करायचं ते मी चांगलं सांगू शकते. त्यांना फोटो पाहिजेत कारण त्यांच्या वरच्याला पाहिजेत, त्याच्या वरच्याला पण. त्यांच्याशी भांडू नको. शुक्रवार ठरव, आठवड्याचे तीन फोटो एकदम टाकायचे, रोजचे नाहीत, आणि तासाच्या मध्ये कुणी मोबाइल काढायचा नाही. आणि त्यांना एकदा त्या तासाला बोलाव, पण खुर्ची देऊ नको, दहा पोरं देऊन बसव, 'साहेब यांचं वाचन ऐकून घ्या' म्हण. मला कुणी असं बसवलं असतं तर मी निम्मे फोटो मागितले नसते. बहुतेकांना राग येत नाही, शेवटी ते पण आधी मास्तरच होते.

वेळापत्रक एकदम घाई करून सोमवारपासून नको. नोव्हेंबर ऐकून घेण्यात जाऊ दे, डिसेंबरपासून तास, मार्चअखेर परत एकदा सगळ्यांचं वाचन ऐकायचं, सरांनीच. आकडा लिहून ठेवायचा, किती पोरं कुठल्या गटातून कुठं गेली, एवढंच, एका शंभरपानी वहीत, तारखेसकट. ही वही महत्त्वाची आहे कारण बदली. २०१७ पासून बदल्या ऑनलाइन झाल्यात, तुझं नाव कधी यादीत येईल सांगता येत नाही, आणि तू गेलीस की तुझ्यामागून येणारी कुणीतरी परत जूनमध्ये सात गोष्टी घेऊन येणार. तेव्हा सरांच्या हातात ती वही असली पाहिजे. ते बहुतेक तिथंच असतील, तू असशील की नाही कोण जाणे. त्यांनी ती वही नव्या बाईपुढं ठेवून 'आधी हे बघा' म्हटलं तर समज तुझं काम झालं, आणि नाही म्हटलं तरी त्या पंचाहत्तर पोरांपैकी काही तर वाचायला लागलेली असतील.

तुला एकाच वर्षात सगळं होईल असं सांगायला पाहिजे का? नाही होणार. मॅडम अजून काही दिवस बाकं रांगेत लावतील. सर एखाद दिवशी तास विसरतील, मुद्दाम का चुकून ते तुला कळणार नाही, तू पण विचारू नको. निवडणुकीचं काम येईल, ते कायद्याने करावंच लागतं, दोन आठवडे तास बुडेल. बुडू दे, परत चालू करायचा. आपल्याकडे नव्या गोष्टी बंद पडतात त्या विरोधाने कमी आणि अशा एखाद्या पंधरवड्याने जास्त, एकदा खंड पडला की कुणीच म्हणत नाही चला परत. ते म्हणायला मात्र तू पाहिजेस, त्यासाठी दम राखून ठेव, सगळा जूनमध्येच खर्च केलास.

वाचनकोपरा राहू दे. शनिवार पण राहू दे, त्याने कुणाचं काही अडलेलं दिसत नाही आणि पोरांना आवडत असणार.

तक्ते मात्र काढ, आणि भिंतीला ओल कुठून येते ते आधी बघ, बहुतेक वरच्या पत्र्याचा नळा फुटला असेल किंवा मागच्या बाजूला पाणी साचत असेल. संयुक्त शाळा अनुदानातून ते काम होतं, नाहीतर ग्रामपंचायतीला पत्र दे. सरांना विचार, हा नळा मागं कधी कुणाकडून दुरुस्त केला होता. त्यांना माहीत असणार.